एक्याऐंशी अंगठे

पोखर्णी, २ डिसेंबर १९४६

।। श्रीगुरु बसवलिंगाय नमः ।।

चि. रेवणसिद्धास चन्नबसप्पाचे अनेक आशीर्वाद.

युनियन मी बुडविली, असे तू काकूस लिहिलेस. हे विधान असत्य आहे. तुझ्या सभासदांची यादी मी सुवाच्य अक्षरात उतरविली, तेव्हा ब्याण्णवांतून अकराच नावे उरली, एवढेच सत्य. बाकीच्या एक्याऐंशींपुढे नुसते अंगठे होते. ते तूच उमटविलेस असे कापसाच्या जिनाचा मालक म्हणाला, तर काय करशील? संक्रांतीपर्यंत सत्तर सभासद दाखविले, तरच युनियनमध्ये गेली म्हणून काढलेल्या बायनाबाईस जिनात परत घेण्याचे त्याने कबूल केले आहे. म्हणून प्रत्येकास सही शिकव. काकूचे म्हणणे, मजुरास भाकरी हवी, वळण नको. उत्तर म्हणून सहाऐवजी आठ पाट्या धाडत आहे.

ममतेत खंड नसावा.

मानवत, २५ डिसेंबर १९४६

ती. स्व. काकांस रेवणसिद्धाचे कृ. शरणार्थ वि. वि.

पाट्या पावल्या. दुपारच्या सुटीत सरकीच्या ढिगावर आमची शाळा भरायलीय. बायनाबाई फाटकाबाहेर बसून शिकायलीय. तिचं म्हणणं, जिनावर कापूस टाकणं सोपं, पण 'ब' लय वाकडा हाय. अकराचे चाळीस झाले. मग तुमी तपासायला येणार अशी बातमी फुटली अन् बारा जण पळाले. मी ती खोटी ठरवली, तवा कुठं चौऱ्याऐंशीवर आलो. म्हणून कृपा करून येऊ नका.

एकच घोर हाय. मुनीम सांगत फिरायलाय की चाळीस जणांचे राजीनामे त्याच्या खिशात हायत. खरं असलं तर आपले चव्वेचाळीसच उरतात, अन् बायनाबाईचं काम गेलंच.

काकूंना शरणार्थ. चुका पोटात घालून माया ठेवा.

पोखर्णी, १७ जानेवारी १९४७

।। श्रीगुरु बसवलिंगाय नमः ।।

चि. रेवणसिद्धास अनेक आशीर्वाद.

मालकास दया आली, असे तू काकूस कळविलेस. दया नव्हे. न बोलावता मी आलो होतो, हेही तू गाळलेस. मुनिमाने मालकापुढे चाळीस राजीनामे मांडले; प्रत्येकाखाली अंगठा. मी फक्त त्या चाळिसांना बोलावून कोऱ्या कागदावर सह्या करावयास सांगितले. सर्वांनी केल्या, नऊ तर वळणदार होत्या. सही येणारा माणूस अंगठा का देईल, असे मालकाने मुनिमास विचारले. मुनिमाचा उजवा अंगठा मुळापर्यंत निळा होता. मालकाने ते राजीनामे बाजूला सारले.

लोभ आहेच, तो बिनचूक राखावा.

ता. क. काकूस लिहिलेल्या तुझ्या पत्रातील तारखा अशा सुधाराव्यात:

पाट्या मानवतला पोहोचल्या: ५ डिसेंबर. १ नव्हे, माझे पत्रच दोन तारखेचे आहे.

चौऱ्याऐंशीवी सही: २३ डिसेंबर. नाताळ नव्हे.

राजीनाम्यांची तपासणी: १४ जानेवारी, संक्रांत. १३ नव्हे.

बायनाबाई कामावर: १५ जानेवारी. हजेरीपटावर तिने स्वतः सही केली. मी मुक्काम करून पाहिली. एक काना राहिला आहे. तो मी दुरुस्त केलेला नाही. तूही करू नकोस.