तुम्ही न शिकवलेली नर्स

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. बारावीनंतर गुलबर्ग्याला नर्सिंगला माझा नंबर लागला, त्या दिवशी तुम्ही मुडबी गावातल्या आपल्या घरासमोर पेरणीची तिफण ठोकत बसला होता. मी धावत येऊन सांगते, आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "कामून शिकायलीस? पोरीला शिकवायचं म्हंजे दुसऱ्याच्या रानात खत टाकायचं. पीक कोण नेणार?"

"सरकारी हाय अप्पा, खर्च जास्ती न्हाई."

"न्हाई म्हंजे न्हाई."

त्याच वर्षी विहिरीकडचं रान विकून माझ्या भावाला, अण्णाला, इंजिनिअरिंगला घातलंत. तो अर्ध्यातच सोडून घरी आला, तेव्हा तुम्ही त्याला शब्दानं दुखवलं नाहीत. मला मात्र अफजलपूरला देऊन टाकलंत.

मी शिकले ती सासरी. उसाच्या ट्रॅक्टरवरून पडून नवऱ्याचा पाय गेला, घर चालेना. सहीसुद्धा न येणाऱ्या सासूनं माझी लेक कडेवर घेतली आणि म्हणाली, "जा, शिकून ये. मी हाव की." त्या शिक्षणावर घर उभं राहिलं, लेक आज कॉलेजात जाते. पण तेव्हा माझ्यासोबत नंबर लागलेली मैत्रीण आज वॉर्डाची मुख्य आहे, आणि मी तिच्या हाताखाली. ती गेली त्या वर्षी मीही गेले असते तर, हा हिशेब पगाराच्या दिवशी हटकून डोक्यात येतो. माझी ती वर्षं लोकांच्या रानात तुरी काढण्यात गेली.

मग तुम्ही आजारी पडलात आणि माझ्याच वॉर्डात आलात. मी सलाईन लावत होते. सासू डबा घेऊन खाटेच्या पायाशी उभी होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तुम्ही म्हणालात, "ही माझी लेक हाय, नर्स. मीच शिकवली तिला."

"नशीबवान हाव तुमी," तो म्हणाला. तुम्ही हसलात. सासूनं माझ्याकडं बघितलं आणि डबा उघडला.

कधी शिकवलीत, अप्पा? हे विचारायचं राहिलं. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. सासूला तर नाहीच. तुम्ही ते धडधडीत खोटं बोललात, तेव्हा तिच्यादेखत माझी मान अभिमानानं ताठ झाली होती.