गिरणी सूनबाईची, खुर्ची मतदारांची

मी, अख्ख्या वॉर्डाची गिरणीवाली काकू, वय बहात्तर, धंदा पिठाची गिरणी, माजी नगरसेविका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडलाय. तरी कुणाला शंका असेल तर त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

कलम एक. राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. पुढच्या खोलीतला ह्यांचा फोटो मात्र हलवायचा नाही.

बायकांना राखीव जागा देणारा कायदा आला आणि आमचा वॉर्ड राखीव झाला. ह्यांनी माझा अर्ज भरला, पण पत्रकावर फोटो स्वतःचा मोठा छापला. निवडून मी आले, हार ह्यांच्या गळ्यात. सभेत माझ्या शेजारी बसून मतदानाला खुशाल हात वर करायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकदा कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ बंद करायचा ठराव आला. ह्यांचा हात वर, आणि मी म्हटलं, "माझा विरोध." लेखनिक चाचरत म्हणाले, "बाई, मत धरू कुणाचं?" मी म्हटलं, "निवडून कोण आलंय?"

आठवडाभर ह्यांनी अबोला धरला. पुढच्या सभेला मात्र स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं नि बाहेरच थांबले. "जा, भांड मनसोक्त. मी आहे इथे." मग दर सभेला थांबायचे. बाहेर आले की विचारायचे, "काय झालं गं आज?" आता कुणी विचारत नाही. फार आठवण येते हो.

कलम दोन. गिरणी, दगड, मोटार आणि वजनकाट्यासह, सूनबाईला, एकटीला. दळणाच्या रांगेतल्या बायकांकडून मला वॉर्ड कळला, तसाच तिला कळलाय. नगरसेविका म्हणून माझ्या शेवटच्या पाच वर्षांतली निम्मी कामं तिनेच तडीस नेली. यंदा ती निवडणुकीला उभी राहणार आहे; हरली तरी तिच्यावर कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये.

कलम तीन. "घरी स्वयंपाक कोण करतं हो?" असं मला भर सभेत विचारणाऱ्या ह्यांच्या चुलतभावाला काहीही नाही.

कलम चार. यंदा वॉर्ड खुला झालाय. मुलगा म्हणतो, "आरक्षण गेलं, आता आपल्या घरातून मीच उभा राहणार." अरे बाबा, खुल्या जागेवर बाईने उभं राहू नये असं कायद्यात कुठे लिहिलंय? नगरसेवकपद माझ्या मालकीचं नाही, म्हणून ते कुणालाच लिहून देत नाही. पण सूनबाईच्या अर्जावर सूचक म्हणून तुझी सही असावी, एवढं माझं मागणं आहे. ही अट नाही. नाही केलीस तरी घर तुझंच.

सही करण्याआधी हे सगळं दोघांना वाचून दाखवलं. मुलगा उसळला, "लोक हसतील मला!"

सूनबाई म्हणाली, "मी उभी राहणार, अहो. सूचक मला दुसराही मिळेल. पण मला तुमची सही हवीय."

त्याने तिच्या हातातला उमेदवारी अर्ज घेतला आणि सूचकाच्या सहीची जागा शोधली. मग म्हणाला, "आई, तू कर आधी तुझी सही. मग दे ते पेन इकडे."

सही: गिरणीवाली काकू

आमच्यासमक्ष सही झाली, साक्षीदार:
१. समोरचे शिंपी
२. शेजारच्या नर्सबाई

ठिकाण: गिरणीमागची खोली
दिनांक: उमेदवारी अर्जांच्या मुदतीचा आदला दिवस