भारतीय संघात एक जागा

६ एप्रिल २०२५, रामनवमी
देवळात किसनराव भेटला. वडनेर भोलजीच्या शाळेत आम्ही एकाच पट्टीवर बसून शिकलो. त्याची करिष्मा आमच्या चिन्मयला पसंत आहे, आणि तिलाही तो पसंत असावा. किसनरावाने सुंठवडा तोंडात टाकला आणि म्हणाला की तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो, तोवर पोराचं काही सांगण्यासारखं होऊ दे. सांगण्यासारखं म्हणजे सरकारी. तो तसं बोलला नाही, पण मला कळलं.
चिन्मय सव्वीसचा झाला. पोलीस भरतीत धावण्यात राहिला, तलाठ्याच्या परीक्षेत थोडक्यात राहिला. आता राहून चालणार नाही.
संकल्प: चिन्मयला या वर्षी नोकरी. मार्ग रामराया दाखवील.

८ एप्रिल
मार्ग दिसला.
खेळाडूंना सरकारी नोकरीत वेगळ्या जागा असतात. आमच्या शाळेत मी कनिष्ठ लिपिक आहे आणि क्रीडा साहित्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते, त्यामुळे खेळांशी माझा जुना संबंध आहे. कबड्डीत गर्दी, खो-खोत गर्दी, कुस्तीत तर विचारूच नये. मग मोबाईलवर शोधत बसलो. गर्दी नसलेला खेळ सापडला. आइस हॉकी. बर्फावर खेळतात.
जळगाव जामोदमध्ये आज बेचाळीस डिग्री. इथून कोणी स्पर्धेत उतरणार नाही, ही जमेची बाजू.
शासन निर्णय सावकाश वाचीन. आधी श्रद्धा पाहिजे.

१० एप्रिल
भारतीय संघाचा इतिहास वाचायला घेतला. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००९ साली, अबूधाबीला. म्हणजे वाळवंटात. आपण हरलो. किती गोलांनी, ते लिहायला हात धजत नाही. पुढेही बरंचसं तसंच. एखादा विजय मध्येच येतो, आखाडात ऊन पडावं तसा.
पोथी वाचून झाल्यावर शांतपणे विचार केला. दुःख होतंच, पण दुःखात खचू नये. जो संघ एवढ्या गोलांनी हरतो, त्या संघात जागा रिकामी आहे. विशेषतः गोलकीपरची.
चिन्मयला लहानपणापासून एका जागी उभं राहायची सवय आहे.

११ एप्रिल
घरी सांगितलं. शकुंतलाने पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि मला ऊन लागलं का ते विचारलं. चिन्मय म्हणाला, बरं. तो नेहमी बरंच म्हणतो. आज्ञाधारक मुलगा आहे.

१२ एप्रिल, हनुमान जयंती
मारुतीला नवस बोललो. चिन्मयची निवड होईपर्यंत चहात साखर नाही.
मोबाईलवर भारताचा एक जुना सामना सापडला. सामना कधीच होऊन गेलेला आहे हे मला माहीत आहे. तरी माळ ओढत बसलो. हरलो, पण शेवटचा गोल उशिरा झाला.

२० एप्रिल, रविवार
सरावाला सुरुवात. शाळेच्या हॉलला गुळगुळीत फरशी आहे. तिच्यावर साबणाचं पाणी ओतलं की बर्फाचा भास होतो. साहित्याच्या खोलीत दोन हॉकी स्टिक होत्या. खेळायची चकती जुन्या चपलेच्या तळव्यातून कापली. चिन्मयला क्रिकेटचे पॅड बांधले आणि पायात ओले मोजे घातले.
मी प्रतिस्पर्धी. तीन पावलं घसरत गेलो आणि भिंतीवर आदळलो. कंबर धरली. पहिल्या दिवशी मोठमोठ्यांचं असं होतं.
घरी आल्यावर शकुंतला कमरेला तेल लावता लावता एवढंच म्हणाली की हॉल तरी स्वच्छ झाला.

४ मे
कंबर अजून धरलेलीच. कॉटवरून मार्गदर्शन करतो. चिन्मय एकटाच हॉलमध्ये जातो. काय करतो ते विचारलं तर म्हणतो, उभा राहतो. हेच पाहिजे.

७ जून
अघटित. भारतीय मुलींनी आशिया कपात ब्राँझ मिळवलं. बातमी वाचून डोळे भरून आले. त्या मुलींनी २०१७ साली फिलिपाइन्सला चार-तीनने हरवून पहिला विजय मिळवला होता, तेव्हा त्या किती रडल्या असतील हे मी कल्पनेने पाहिलेलं आहे. बहुतेक जणी लडाखकडच्या. तिकडे तलाव गोठतात.
देवापुढे साखर ठेवली. (मी खाल्ली नाही.)
दुपारी मात्र काळजी वाटू लागली. संघ सुधारला म्हणजे जागा भरल्या. मी देशासाठी माळ ओढायची की चिन्मयसाठी? दोन्ही एकदम होईना. शेवटी लक्षात आलं की पदक मुलींचं आहे. पुरुषांच्या संघाला अजून गरज आहे. मन शांत झालं.
शकुंतला म्हणाली, मग करिष्मालेच पाठवा. मी पुन्हा माळ घेतली.

१९ जुलै, शनिवार
कामानिमित्त बुलढाण्याला गेलो. बस स्टँडजवळ इंद्रभान नावाचा एक जण भेटला. कोणत्याही खेळाचं सर्टिफिकेट देतो अशी त्याची ख्याती आहे. आइस हॉकी म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. म्हणाला की हे तर सगळ्यात सोपं, खेळायचीसुद्धा गरज नाही, आणि सर्टिफिकेटची तपासणी होते ती अमरावतीला. 'अमरावतीच्या साहेबायनं तरी बर्फ कुठं पाह्यला, काका? गोल्याच्या गाडीवर.'
मी म्हणालो की शनिवारी मी असलं काम करत नाही. तो म्हणाला, सोमवारी या.

२१ जुलै, सोमवार
गेलो नाही. कंबर दुखत होती. तशी फार नाही.

१७ ऑगस्ट
पुण्यात एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान आहे आणि तिथे राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आहे, असं एका ग्रुपवर कळलं. पुढच्या महिन्यात. लडाखकडची, भारताच्या संघातून खेळलेली काही मुलंही शिकवायला येणार आहेत.
किसनरावाला फोन करून हालचाल सुरू असल्याचं सांगितलं. कसली ते सांगितलं नाही. तो म्हणाला, 'घाई नाही बे. पोराले सुखानं काही करू दे.' मोठ्या मनाचा माणूस. वरून घाई नाही म्हणतो, आतून बिचारा वाट पाहत असणार.

१३ सप्टेंबर
चिन्मय पुण्याच्या गाडीत बसला. शकुंतलाने दशम्या बांधून दिल्या. मी अंगारा दिला आणि संघाचा इतिहास तोंडी सांगितला, २००९ पासून. गाडी हलली तरी मी बाहेरून सांगत होतो. त्याने खिडकीतून मान हलवली.
आज दिवसभर उपास.

१५ सप्टेंबर
चिन्मयचा फोन आला. निवड झाली नाही.
मी विचारलं, पण तुला उभं तरी राहता आलं ना? म्हणाला, कठडा धरून. मग आपणहून बोलू लागला. एरवी तो इतकं बोलत नाही, म्हणून त्याचे शब्द तसेच्या तसे लिहून ठेवतो.
'बाबा, तुम्ही म्हणत होते ते लोक हारतात. मी पाह्यलं त्यायले. ते कसे धावतात ते दिसतच नाही, नुसता आवाज येते. असे लोक हारतात, तं जिंकणारे कसे असतीन? आपण त्यायच्या हारण्याच्या जवळ बी नाही.'
हे मला कागदावर कुठे दिसलं नव्हतं. आकडे पाहून मी त्यांना कमी समजत होतो. सगळ्या जुन्या सामन्यांची मनातल्या मनात माफी मागितली.
मग म्हणालो, पुढच्या वर्षी.

१८ सप्टेंबर
चिन्मय परत येत नाही. त्या मैदानावर त्याला काम मिळालं. लोक बर्फावर घसरायला येतात, त्यांना मापाचे बूट द्यायचे, नाड्या बांधायच्या, पहिल्यांदा उतरणाऱ्याचा हात धरून फिरवायचं. तो खूश वाटला. मला विचारलं, बाबा, बरं केलं ना?
मी म्हणालो, बरं. त्याचाच शब्द. तोंडात कोरडा वाटला.
सत्तावीस वर्षं लिपिकी करून मुलगा लोकांच्या पायाशी बसणार. देवाजवळ तक्रार नाही. फक्त विचारलं.

२ ऑक्टोबर, दसरा
किसनराव सोनं द्यायला आला. चिन्मय काय करतो म्हणून त्याने सरळच विचारलं. शकुंतला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो की तो पुण्यात आइस हॉकीच्या मैदानावर आहे.
किसनराव म्हणाला, खेळते? मी म्हणालो, बर्फावरच असतो दिवसभर.
यात एकही शब्द खोटा नाही. पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.
तो गेल्यावर शकुंतलाने पानं गोळा केली आणि म्हणाली, 'देवापुढं असंच बोलत जा तुम्ही.' साखर नसल्यामुळे चहाही कडू लागला.

२४ ऑक्टोबर
किसनराव बहिणीकडे पुण्याला गेलाय, करिष्माला घेऊन. चिन्मयचा खेळ बघून येणार म्हणे. हे मला आज सकाळी बाजारात त्याच्या चुलतभावाकडून कळलं.
चिन्मयला फोन लावला. सांगणार होतो की थोडा वेळ हातात स्टिक धरून उभा राहा. उचलला नाही. कामात असेल. पुन्हा लावला. मग ठेवून दिला. मुलाला असं सांगणारा बाप मी नाही. उचलला असता तर सांगितलं असतं.
मारुतीच्या देवळात संध्याकाळपर्यंत बसलो. काय मागावं ते सुचेना.

२९ ऑक्टोबर
किसनराव आला. बाजेवर बसला, पाणी प्यायला.
सगळं पाहून आला होता. चिन्मय खाली बसून एका पोराच्या नाड्या बांधत होता. यांना पाहून तो उठला, नमस्कार केला आणि किसनरावाच्याच पायात बूट चढवले. करिष्माला हात धरून फिरवलं, ती एकदाही पडली नाही. परत परत हे सांगताना त्याचा चेहरा उजळत होता. मला वाटलं, जमलं. शकुंतलाही दारात येऊन उभी राहिली होती.
मग तो माझ्याकडे वळला.
'नाड्या बांधते म्हणाला असता ना भालचंद्र, तं मी त्याच दिवशी तारीख काढली असती. मले पोराच्या कामाची लाज नाही वाटली बे. तुले वाटली.'
मी म्हणालो की तुलाच सांगण्यासारखं काही पाहिजे होतं. तो म्हणाला, 'सांगण्यासारखंच होतं. तू सांगतलं काऊन नाही?'
आणि मग हळूच म्हणाला, नाही म्हणायचा निर्णय त्याचा नाही. करिष्मा गाडीत म्हणाली, ज्या घरात बापाले पोराचं काम सांगता येत नाही, तिथं उद्या माह्यं काय सांगतीन. पोराबद्दल तिचं काही म्हणणं नाही. घराबद्दल आहे.
चहा न घेता गेला.

३० ऑक्टोबर
किसनरावाकडे जाऊन सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलं. आज दिवस बरा नाही.

३ नोव्हेंबर
गेलो. वाड्याच्या फाटकापर्यंत. आत बायका हसत होत्या. तुळशीपुढे रांगोळी काढली होती. परत आलो. कंबर.

१६ नोव्हेंबर, रविवार
करिष्माचं लग्न ठरलं. मुलगा मलकापूरचा, कुरिअरच्या गोदामात असतो. सरकारी नाही. शकुंतलाला सांगितलं. तिने ताट वाढलं. चहात साखर तिनेच घातली होती. मी प्यायलो.
चिन्मयचा फोन आला. त्याला आधीच माहीत होतं, करिष्मानेच कळवलं. आवाजावरून मला काही समजेना. मला सॉरी म्हणायचं होतं. पण मी त्याला सांगू लागलो की भारतीय संघाने किती वर्षं हार सोसली, आणि तरी दर वेळी बूट बांधून पुन्हा बर्फावर...
तो म्हणाला, 'बाबा, गिऱ्हाईक आलं.'