तळ्यातलं पाणी तळ्यात

धावडा, सप्टेंबर १९७५. शुक्रवार, संध्याकाळ.

ती उघडी तोंडं डोळ्यांपुढून हलत नाहीत. पहाटे तळ्यातले सगळे मासे वर येऊन हवेसाठी तडफडत होते. लवकर वाढावेत म्हणून आम्हीच गाड्या भरभरून शेण टाकलं, वर ढगाळ हवा. शेण कुजून पाण्यातली हवा संपली, पाणीच गुदमरलं. आता शेण बंद!

पाणी उंचावरून ओतलं की त्यात हवा मिसळते, हे मत्स्यशेतीच्या शिबिरात ऐकलेलं आठवलं. ओरडत सुटलो. अख्खी वस्ती घागरी घेऊन धावली, तळ्यातलं पाणी तळ्यातच ओतू लागली. दुष्काळात याच घागरींवरून भांडलो ना आपण?

ढग पांगून ऊन चढलं, तोंडं एकेक करून खाली गेली. शेजारच्या सखूमावशी मात्र थांबेनात.

"मावशी, बस आता."

"सांडू दे रे. जल्मात कधी पाणी सांडायला मिळालं न्हाई."