राहिलेली ओ

शालू वन्सं,

सकाळच्या एस्टीनं सांगलीला दाताच्या डॉक्टरकडं चालले आहे. सोबतीला तुम्हाला उठवलं नाही, राग मानू नका. भाकरी टोपल्यात झाकल्यात, म्हशीला वैरण टाकली आहे. आत्याबाईंना चिठ्ठी वाचून दाखवू नका. नुसतं सांगा, सून दाढ काढायला गेली.

तुमचे दादा लढाईत कामी आल्याची तार आल्यापासून आळीतल्या बायका म्हणतात, "मनू रडली न्हाई, पोटातलं रडं गालात साचलं." मी म्हणू दिलं. पण गाल दाढेनं सुजलाय. वैशाखात ते सुट्टीवर आले, तेव्हाच मला डॉक्टरकडं न्यायला निघाले होते. मी भ्याले आणि दिवस मावळेपर्यंत उसात लपून बसले. ते बांधावरनं हाका मारत होते, "अगं, मी बंदुकीला भीत न्हाई आन् तू चिमट्याला भितीस व्हय?" मला हसू आलं, पण ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी सरली.

तो अख्खा दिवस मी उसात घालवला, वन्सं.

आता चिमट्याचं भ्या उरलं नाही. जात्यावर बसते, तर ओवी ओठाशी येऊन मागं फिरते. आत्याबाईंपुढं रडवत नाही. तिथं डॉक्टरच्या खुर्चीत मोठ्यानं ओरडले, तर कशापायी म्हणून कुणी विचारणार नाही.

त्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात एकदाच घेतलं होतं. आज दाढ निघताना दुसऱ्यांदा घेईन. उसातनं द्यायची राहिलेली ओ तीच.

तुमची वहिनी,
मनू