शाळेची टाकी

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. फोनवर आपण दोघं ‘जेवलास का, जेवलीस का’ यापुढे सरकतच नाही, म्हणून म्हटलं, कागदावर तरी सरकावं.

नदी पुन्हा वस्तीत येऊन गेली. तू गाव सोडून गेल्यापासूनचा हा पहिलाच मोठा पूर. पाणी ओसरून आज नववा दिवस, पण शाळेतल्या एकाही मुलाचं पोट बिघडलेलं नाही. मागच्या पुरात सतरा मुलं दवाखान्यात होती. सगळी बरी होऊन घरी आली, पण तुझ्यावरचा ‘कामचुकार ड्रायव्हर’ हा शिक्का काही निघाला नाही.

वर्षभरापूर्वी आपल्या ऑफिसनं खालच्या वस्तीतल्या एक्केचाळीस सेप्टिक टाक्यांच्या झाकणांखाली एकेक डबी बसवली. साबणाच्या वडीएवढी, पण टाकी किती भरली ते दर तासाला माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर कळवते. हिरवं म्हणजे निवांत, पिवळं म्हणजे लक्ष ठेव, लाल म्हणजे मैला उपसायची गाडी काढ. हेच काम तू झाकण उचलून, बांबू बुडवून करायचास, तेही नाक न मुरडता. तिथल्या जमिनीत काही मुरतच नाही, सगळं साठत राहतं आणि वेळेत उपसलं नाही तर पुराच्या पाण्याबरोबर घराघरांत फिरतं, हे मला तूच समजावलं होतंस. आई मात्र म्हणते, लोकांच्या पोरी संगणकावर काय काय बघतात आणि माझी बघते काय, तर संडास.

पुराचा इशारा आला तेव्हा नऊ टाक्या लाल होत्या आणि हातात दोन दिवस. नवे इंजिनिअरसाहेब म्हणाले, नऊच्या नऊ तळापर्यंत कोरड्या करा. माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं, “साहेब, रिकामी टाकी पुरात होडीसारखी वर येते. तिसरा हिस्सा आत राहू द्या.” साहेबांनी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली आणि मान डोलावली. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होता एक. तुझं नाव घ्यायला जीभ रेटली नाही.

शाळेची टाकी त्या नवांत नव्हती. ती पिवळी होती. पण रविवारी सकाळी पाहिलं तर शाळा बंद असूनही तिचा आकडा तासातासाला चढत होता. वापर नाही आणि टाकी भरतेय, म्हणजे बाहेरचं पाणी आत शिरतंय. मी गाडी तिकडे वळवली. झाकणाखालच्या कडेला हातभर तडा निघाला. दुपारपर्यंत टाकी उपसून तडा बुजवला. मंगळवारी नदी शाळेच्या पायऱ्या चढली. मी खुर्चीला खिळून तो एकच आकडा बघत होते. पाणी उतरेपर्यंत तो जागचा हलला नाही.

काल शाळेनं मला बोलावून मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. साहेब भाषणात म्हणाले की आता कामचुकार माणसावर विसंबायची गरज उरली नाही. सगळे हसले. सतरांतली कितीतरी मुलं समोर बसली होती. मी बाकावरून उठले आणि तडक ऑफिसात येऊन कागद पुढे ओढला.

धाकट्या, मागच्या पुराच्या दिवशी शाळेच्या हेडबाईंचा फोन मीच घेतला होता. टाकी काठोकाठ आलीय, गाडी पाठवा, एवढंच त्या म्हणाल्या. मी तुझ्यासाठी चिठ्ठी लिहून वहीत ठेवली. तेवढ्यात आईचा फोन आला, घरात पाणी शिरतंय म्हणून. मी धावत सुटले. चिठ्ठी वहीतच राहिली. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “ड्रायव्हरला निरोप दिला होता.” तू समोरच उभा होतास. माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि अवाक्षर न काढता ठपक्याच्या कागदावर सही करून गेलास. काल मी हे सगळं लेखी दिलं. साहेबांनी मला पंधरा दिवस घरी बसवलंय, पुढचं पुढे. पण तुझ्या कागदावरचा शेरा खोडायचा आदेश त्यांनी माझ्यासमोरच काढला. आईला सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. संध्याकाळी हेडबाईंच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “जाईपर्यंत चार महिने तो नमस्कार करायचा आणि मी तोंड फिरवायचे. मला त्याचा पत्ता द्या.” तुला न विचारता दिला आहे. परत ये म्हणायचा हक्क मला नाही, माफी मागायचा आहे, ती मागते. माझं पत्र फाडलंस तरी चालेल. त्यांचं मात्र वाच.

तुझीच,
गुन्हेगार ताई