कुर्र वाजलं पाहिजे

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन कितीतरी दिवस झाले आणि मी उत्तर आत्ता लिहायला बसतोय. रागावू नकोस. बाबा रुसले, असं वाटलं असेल तुला. रुसलो नव्हतो गं, एक काम अडलं होतं. ते शेवटी सांगतो.

आपल्या कुर्रबाईच्या रक्तात लोह कमी निघालं, हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. वर्कशॉपमधला माझा जुना जोडीदार म्हणतो, मिस्त्री, तुमचा जन्म लोखंडात गेला आणि नातीच्या अंगात लोखंड नाही? तो हसला. मला काही हसू आलं नाही.

ती कुरकुरीत सोडून फारसं काही खात नाही, मऊपैकी फक्त बटाटा चालायचा, त्यात तू डाळ लपवलीस तर तिने बटाटाच सोडला, आणि म्हणून या सुट्टीत तिला माझ्याकडे पाठवत नाहीस, असं लिहिलंस. कळतं मला. पण तू तरी काय कमी होतीस? ओलं कोरड्याला लागलं की ताट ढकलायचीस. मग मी पत्रा कापून तुला खणांचं ताट करून दिलं, तर तुझी मावशी म्हणाली, भाओजींनी पोरीच्या जेवणाला तुरुंग बांधला! तुझ्या आईनेही अंड्याचा बलक दुधात कालवून पाहिला होता. तू दूधच सोडलंस.

त्यानंतर आईने लपवणं बंद केलं. ताटाच्या रिकाम्या खणात दोन-चार भाजलेले हरभरे ठेवायची आणि शेजारी बसून स्वतःचे खायची, कुर्र कुर्र, खिडकीबाहेर बघत. खा म्हणायची नाही, बघ म्हणायची नाही. मी दारात उभा राहून धुसफुसायचो. तू नुसती ऐकायचीस. एक दिवस हात पुढे केलास. आईने तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे मात्र पाहिलं. ती नजर अजून डोळ्यांपुढे आहे.

ते ताट सापडलंय. कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्यात. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हरभऱ्यांसोबत संत्र्याची फोड असली तर लोह अंगी चांगलं लागतं. ती लांबच्या खणात ठेवीन, रस इकडे यायला नको. जेवणाबरोबर चहा नको म्हणाल्या, म्हणून माझाही कप दुपारवर ढकलला. औषधाचे थेंब तू सांगशील तेवढेच देईन, आणि बाटली कपाटात कुलूप लावून ठेवीन.

आता ते अडलेलं काम. माझी कवळी सैल झाली होती. हरभरा चावला की हरभऱ्याऐवजी कवळीच वाजायची, आणि कुर्रबाईचे कान तुला माहीत आहेत. दातांच्या डॉक्टरांनी नवी बसवायला फार वेळ लावला. काल पहिल्यांदा नीट आवाज आला. अगदी तुझ्या आईसारखा नाही, पण कुर्रच.

मी तिला काहीही खायला लावणार नाही. नुसती शेजारी बसू दे. पाठव गं तिला. हो की नाही ते लगेच कळव, माझं लक्ष दाराकडेच आहे.

तुझाच,
बाबा